रांग का वाढते? दहा दिवसांचा एक धडा



यंदा आपल्या अकरावीच्या सहा विद्यार्थ्यांनी शहरातील एका पारमार्थिक रुग्णालयाच्या नोंदणी काउंटरवर दहा दिवस इंटर्नशिप केली. "तिथे पर्च्या लिहून मुले काय शिकणार?" असे काही पालकांनी मला विचारले होते. त्याचे उत्तर मुलांनीच आणले आहे.

पहिल्या दिवशी मुलांचे मत झाले की काउंटरवरच्या ताई फार हळू काम करतात. मी म्हटले, आधी घड्याळ लावा, मग मत द्या. दोन दिवस मोजल्यावर कारण समजले. प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, पत्ता ताईंना तीनदा लिहावे लागत होते : ओपीडीच्या पर्चीवर, नोंदवहीत आणि पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर.

आता थोडे गणित करू. समजा, तासाला ३० रुग्ण येतात. एकाला २ मिनिटे लागली तर तासात तिसांचेही काम होते. ३ मिनिटे लागली तर फक्त २० जणांचे होते आणि दर तासाला १० माणसे उरतात. तीन तासांनी रांगेत ३० माणसे असतात व शेवटच्याला दीड तास थांबावे लागते. फरक मात्र एकाच मिनिटाचा!

मुलांनी सुचवले की तिन्ही कागदांचा वरचा भाग सारखा छापावा आणि कार्बन लावून एकदाच लिहावे. रुग्णालयाने ते मान्य केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी सुरू झाली. तिचेही तत्त्व हेच आहे : माहिती एकदाच द्यावी, पुन्हा पुन्हा लिहू नये.

मुलांची दुसरी सूचना होती की वेळ वाचवण्यासाठी जन्मतारीख विचारूच नये. ताईंनी साफ नकार दिला आणि एकाच दिवसाच्या दोन पर्च्या समोर ठेवल्या. नाव एक, आडनाव एक, मोहल्लाही एक, पण बाया दोन! पूर्वी अशाच गोंधळात एकीचा रिपोर्ट दुसरीच्या हाती गेला होता. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आले म्हणून चुकीचे औषध टळले. रुग्णाची ओळख निदान दोन खुणांनी पटवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये सांगितले आहे.

म्हणजे कोणते लिहिणे वायफळ आणि कोणते प्राण वाचवणारे, हे ओळखणे हीच खरी व्यवस्था. ते काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारावे लागते. शेवटच्या दिवशी मुलांनी ताईंची माफी मागितली, याचा मला सर्वात जास्त आनंद झाला.

आता आपल्या घरचे बघू. आपल्या प्रवेश अर्जात वडिलांचे नाव चार ठिकाणी लिहावे लागते, हे याच मुलांनी मला दाखवले. चूक माझ्या कार्यालयाची आहे. पुढच्या सत्रापूर्वी अर्ज सुधारला जाईल.

गृहपाठ : बँक, रेशन दुकान किंवा बस स्टँड, कुठलीही एक रांग अर्धा तास बघा. किती आले, किती गेले, ते लिहून आणा. दोष मात्र कोणाला लगेच देऊ नका.

आपला,
प्राचार्य