पिकअपची बॅटरी बदलायची आहे? दुकानात जाण्याआधी हे वाचा



टोमॅटोचे तोडे जोरात आहेत आणि या आठवड्यात आपल्या दोन सभासदांच्या पिकअप भरलेल्या क्रेटसकट पहाटे जागेवरच अडकल्या. सेल्फ मारला की नुसतं कट-कट. नारायणगावला माल उशिरा पोचला की काय भाव हातात पडतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आज फवारणीऐवजी बॅटरीवर लिहितोय.

*आधी बघा, बॅटरीच गेली आहे का?*
टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर आधी लीड काढा, गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपर मारा आणि घट्ट आवळा. निम्म्या वेळी काम इथेच होतं. काढताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. पाना बॉडीला टेकून ठिणगी उडत नाही.

मग मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी चालू न करता बघा. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण रिकामी म्हणजे खराब नव्हे! फुल चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज केल्यावरही सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर मात्र ती बॅटरी संपली.

आता गाडी चालू करून बघा. आकडा साधारण 13.8 ते 14.4 पाहिजे. चालू गाडीवरही तो 12 च्या घरातच राहिला तर दोष अल्टरनेटरचा, बेल्टचा नाहीतर वायरिंगचा. आपल्या कंपनीच्या गाडीला मागच्या वर्षी हेच झालं. नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत तीही बसली. बेल्ट ढिला होता. जुनी बॅटरी तोवर मोडीत देऊन मोकळे झालो होतो, ती बहुतेक चांगलीच असावी.

एक सांगतो, चालू गाडीची लीड उपसून चार्जिंग बघायची जुन्या मिस्त्री लोकांची सवय आहे. तसं करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि बीएस-4, बीएस-6 गाड्यांचा ईसीएम उडू शकतो. त्याच्यापुढे बॅटरीचा खर्च किरकोळ.

*दुकानात काय बघायचं*
जुन्या बॅटरीच्या लेबलचा आणि तिच्या बैठकीचा फोटो काढून न्या. ॲम्पिअर-अवर म्हणजे एएच, जुन्याइतकाच किंवा थोडा जास्त चालेल, कमी अजिबात नको. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, त्याला फिरवायला करंटही जास्त लागतो. दोन-पाचशे रुपये वाचतात म्हणून छोट्या कारची बॅटरी घेतली तर पहिल्याच थंडीत रडवेल. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला जोडायचा विचारही सोडा. ती हळूहळू, बराच वेळ करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फला एकदम मोठा झटका लागतो.

प्लस कोणत्या बाजूला आहे हे एएच इतकंच महत्त्वाचं. उलट्या बाजूची आली तर लीड पोचत नाही, मग ताणून बसवतात आणि खड्ड्यात गाडी आपटली की ती बॉडीला घासते. टर्मिनल वर आलेले आहेत की खोबणीत आहेत, तेही जुळवा. वरचा क्लॅम्प आवळल्याशिवाय गाडी सोडू नका. आपल्या शेतरस्त्यावर सैल बॅटरीच्या आतल्या प्लेटा लवकर झडतात.

बॅटरी कधी बनली ते दुकानदाराला लेबलवर दाखवायला सांगा. शेल्फवर पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं. समोर मीटर लावून घ्या. 12.4 च्या खाली असेल तर दुसरी मागा.

*वॉरंटीचा हिशोब*
24+24 लिहिलं म्हणजे चार वर्षं फुकट बदलून मिळेल असं नाही. पहिले 24 महिने बदलून, पुढचे 24 महिने फक्त किमतीत सूट, तीही महिन्यागणिक कमी होत जाणारी. पिवळ्या पाटीच्या गाडीला काही बॅटऱ्यांची मुदत वेगळी असते, ते आधी विचारा. बिल, कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडी नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनी बॅटरी त्याच दुकानात द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. आत शिसं असतं, त्याला भाव आहे. भंगारवाल्याला दिली तर ॲसिड कुठेतरी ओढ्यातच ओतलं जातं, आणि ओढ्याखाली आपल्याच विहिरी आहेत.

मल्टिमीटर कलेक्शन सेंटरच्या काट्याजवळ ठेवला आहे. माल उतरवायला याल तेव्हा गाडी तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.