क्लासची फी भरण्याआधी घरचं नेटवर्क जोडून पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक हमखास विचारतात, "मुलाला कॉम्प्युटरची आवड आहे, नेटवर्किंगला घालू का?" आवड आहे हे कशावरून, असं विचारलं तर उत्तर येतं, दिवसभर त्याच्यासमोरच असतो. पण गेम खेळण्याचा आणि नेटवर्क सांभाळण्याचा संबंध फार थोडा. हे काम मुलाच्या किंवा मुलीच्या पिंडाला मानवेल का, हे तपासायची सोय बहुतेक घरांत आधीच आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही.

घरात काय काय आहे ते पाहा. कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप, विंडोज ११ चा एखादा नवा लॅपटॉप, कुणाचा तरी मॅकबुक, तीन-चार अँड्रॉइड फोन, एक प्रिंटर. सगळे एकाच वाय-फायवर, तरी एकमेकांशी अबोला धरून. फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे तर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचं, प्रिंट काढायची तर पेनड्राइव्ह शोधायचा. सुट्टीत मुलांना एवढंच काम द्या: जुन्या डेस्कटॉपवरचा एक फोल्डर घरातल्या प्रत्येक यंत्रावर उघडला पाहिजे, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असला पाहिजे, बँकेचे कागद फक्त आई-बाबांना दिसले पाहिजेत आणि प्रिंट कुठूनही निघाली पाहिजे. सुरुवात करण्याआधी घरचे फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवा. मग मुलांना मोकळेपणाने प्रयोग करू द्या.

डेस्कटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढतही नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकता येतं, आणि ते फुकट मिळतं. भंगारात जाणारा डेस्कटॉप मग घरचा फाइल सर्व्हर होतो.

खरी परीक्षा यापुढे सुरू होते. फोल्डर शेअर केला, पण लॅपटॉपला दिसतच नाही. का? कारण एक नसतं. इंटरनेटवाल्याने बसवलेला एक राऊटर आणि आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून आपण आणलेला दुसरा, असं अनेक घरांत असतं. मग एका यंत्राचा आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५ असतो, दुसऱ्याचा १९२.१६८.०.७. वरवर दोघं एका घरात, प्रत्यक्षात दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये. दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला की प्रश्न मिटतो, पण दोन अ‍ॅड्रेस शेजारी लिहून त्यांतला फरक मुलाच्या लक्षात यावा लागतो. कधी लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर असतो, आणि गेस्टला आतली यंत्रं दिसू नयेत अशीच तिथली रचना असते. कधी विंडोजने घरचं वाय-फाय 'पब्लिक', म्हणजे परकं, धरून शेअरिंग बंद ठेवलेलं असतं. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या एका यंत्राने दुसऱ्याला घातलेल्या हाकेला, उत्तर आलं नाही म्हणजे जोडणी तुटली, असंही नाही. समोरचा फायरवॉल पिंग अडवून बाकीचं काम चालू देत असेल.

इथे मुलांचे स्वभाव दिसतात. एक जण सगळ्या सेटिंग्ज एकदम बदलतो, फायरवॉल बंद करतो, आणि चालू झालं तरी कशामुळे झालं ते त्याला सांगता येत नाही. दुसरी एका वेळी एकच गोष्ट बदलते, परिणाम पाहते, वहीत लिहिते. आधी केबल, मग अ‍ॅड्रेस, मग फायरवॉल, मग पासवर्ड, अशी खालून वर येते. बारावीला टक्के कमी असले तरी त्या मुलीला मी निःशंकपणे या क्षेत्रात जायला सांगेन.

यंत्रं दिसू लागली की परवानग्यांचा घोळ सुरू होतो. विंडोजमध्ये फोल्डरला दोन पातळ्यांवर परवानग्या असतात, एक शेअरची आणि एक फाइलची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. लिनक्सवर सांबा नावाची प्रणाली विंडोजच्या भाषेत बोलते, पण तिच्यासाठी युजरचा पासवर्ड सहसा वेगळा द्यावा लागतो. मॅकवर विंडोजवाल्यांना आत घ्यायचं तर शेअरिंगच्या सेटिंगमध्ये त्या खात्यासमोर वेगळी खूण करावी लागते.

सांबाची जन्मकथा मुलांना जरूर सांगा. १९९१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएच.डी. करत होते. डॉस चालणारा पीसी आणि युनिक्स चालणारं यंत्र यांनी एकमेकांच्या फाइल वाचाव्यात, ही त्यांची गरज होती. फाइल सर्व्हरची भाषा कुठे लिहिलेली त्यांच्या हाती नव्हती. त्यांनी केबलवरून जाणारी डेटाची पाकिटं पकडली, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर जातं ते पाहिलं आणि त्यावरून स्वतःचा सर्व्हर लिहिला. पुढे जगभरच्या कार्यालयांत लिनक्स आणि विंडोज शेजारी नांदू लागले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. अशी पाकिटं पाहण्यासाठी आज वायरशार्क फुकट मिळतं. आपल्याच घरच्या नेटवर्कवर ते चालवून पाहावं. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय कधीही नाही, हेही त्याच दिवशी शिकवावं.

एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जुना प्रिंटर किंवा जुनी विंडोज जोडली जात नसेल, तर इंटरनेटवरचे व्हिडिओ सर्रास सांगतात की एसएमबी-१, म्हणजे विंडोजची फाइल शेअर करण्याची जुनी भाषा, चालू करा. एआयला विचारलं तर तोही कधी हेच सुचवेल. काम लगेच होतंही. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीवरून, आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. म्हणून "चालू तर झालं ना?" एवढ्यावर थांबू नका. "हे चालू करून दार कुणाला उघडं राहिलं?" असा प्रश्न मुलीला स्वतःहून पडला, तर सायबर सुरक्षेची वाटही तिच्यासाठी आहे असं समजा.

हे सगळं करताना मुलांकडून घरच्या नेटवर्कचा नकाशा काढून घ्या. कोणतं यंत्र, कोणता अ‍ॅड्रेस, कुणाला काय दिसतं, काय अडलं, कसं सुटलं. पहिल्या मुलाखतीत दाखवायला याहून चांगला कागद नाही.

आता शिक्षणाचं. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, 'आयसीटी सिस्टीम मेंटेनन्स' दोन वर्षांचा. प्रत्येक आयटीआयमध्ये ते नसतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी चौकशी करा. पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेला शिक्षणाची अट नाही. १२० मिनिटांचा एक पेपर आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. फी डॉलरमध्ये असते आणि ती जड आहे, म्हणून घाईने बसवू नका. सरावासाठी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून पॅकेट ट्रेसर फुकट घेता येतं. लिनक्सची गोडी लागली तर रेड हॅटची आरएचसीएसए पाहा. ती परीक्षा चालू यंत्रावर प्रत्यक्ष काम करून द्यावी लागते.

नोकरीची सुरुवात एसी ऑफिसातल्या खुर्चीवर होईलच असं नाही. रॅक उचलणं, केबल ओढणं, क्रिंपिंग करणं, शाखेत जाऊन स्विच बदलणं यांतून पुष्कळ जण वर आले आहेत. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर रात्रंदिवस चालतात, नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात (एनओसी) रात्रपाळी असते. मुलीच्या रात्रपाळीची चिंता वाटत असेल तर नोकरी नाकारण्याआधी कंपनीला नेण्या-आणण्याच्या सोयीबद्दल विचारा.

खासगी क्लास लावायचाच असेल तर आधी त्यांची लॅब पाहा. खरा स्विच आणि राऊटर किती मुलांमागे एक, लॅब किती तास उघडी, विंडोज आणि लिनक्स एकत्र जोडायला शिकवतात का, प्रमाणपत्र क्लासचं की परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं, हे विचारा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील तर मागच्या बॅचमधल्या दोन-तीन मुलांशी बोलायला मागा. हप्त्याने फी भरणार असाल तर ते हप्ते क्लासकडे जातात की एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुमच्या नावावर होतंय, हे सही करण्याआधी वाचा. कर्ज असेल तर मुलाने महिन्याभरात क्लास सोडला तरी हप्ते मागितले जाऊ शकतात.