चाळिशीनंतर नवें काम शोधणें

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं एक गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले. वय सेहेचाळीस. एका कापडाच्या कारखान्यांत एकोणीस वर्षें ते प्रथम मागावर व पुढें माग दुरुस्त करण्याच्या कामावर होते. कारखाना बंद पडला. घरीं वृद्ध आई, पत्नी व शाळेंत जाणारीं दोन मुलें. "पाळकसाहेब, मी नववी नापास. ह्या वयांत मला कोण काम देणार?" असें ते म्हणाले. आम्हीं लागलीच कागद पुढें ओढला व एका ओळखीच्या व्यवस्थापकास पत्र लिहून दिलें, कीं हा मनुष्य गरीब, प्रामाणिक, निर्व्यसनी व गरजू आहे. आठ दिवसांनीं ते पत्रासह परत आले. व्यवस्थापकानें विचारलें होतें, "ह्यांना येतें काय?" आमच्या पत्रांत त्याचें उत्तर नव्हतें. ही चूक सर्वस्वीं आमची होती. गांवोगांवचे आमचे शिक्षक व सेवकबंधुही दयेच्या भरांत हीच चूक करीत असतील असें वाटतें, म्हणून हा पाठ लिहीत आहों.

दुसऱ्या खेपेस आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें: सकाळीं पाळी सुरू झाली म्हणजे तुम्ही पहिल्यानें काय करीत होतां? प्रथम ते म्हणाले, "कांहीं नाहीं, नेहमींचें काम." मग हळूहळू बोलूं लागले. खात्यांत शिरतांच मागांचा आवाज ऐकून कोणता माग बिघडणार हें त्यांस कळत असे. धोटा कां उडतो, ताणा कां तुटतो, पट्टा केव्हां बदलावा, मोटर कां तापते, हें ते जाणत होते. सुट्या भागांची वही तेच ठेवीत. नव्या पोरांस हाताखालीं घेऊन काम शिकवीत. दीड तासांत आमच्या कागदाच्या दोन बाजू भरल्या, आणि त्यांत "नापास" हा शब्द कोठेंही आला नाहीं. वाचकहो, मनुष्य आपल्या शिक्षणाचा हिशेब शाळेच्या दाखल्यावरून करितो; एकोणीस वर्षें हातांनीं केलेलें शिक्षण तो त्या हिशेबांत धरीतच नाहीं. तेव्हां काम शोधावयास निघण्यापूर्वीं दिवसाच्या कामाची अशी यादी करावी. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें सांगावें व शेजाऱ्यानें लिहून घ्यावें.

यादी झाल्यावर दुसरा प्रश्न असा, कीं हेंच काम दुसऱ्या कोणत्या नांवानें चालतें? येथें आपल्या लोकांचा जुना अनुभव आठवावा. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हां गिरणीचें दार उघडलें नाहीं. कोंकण, सातारा, कोल्हापूर इकडील हजारों घरांची चूल त्या पगारावर पेटत होती. कित्येक गांवीं शेतीवर परतले, कित्येकांनीं भाजीची गाडी लावली किंवा पहारेकऱ्याचें काम धरिलें. कित्येक विणकर मात्र भिवंडी व इचलकरंजी येथील यंत्रमागांवर गेले. मजुरी कमी, संरक्षण कमी, परंतु हाताची विद्या तीच राहिली. गिरणगांवांतील बायकांचें उदाहरण आम्हांस याहूनही बोधप्रद वाटतें. घरीं कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या ह्या बायकांस कोणी कामकरी म्हणत नसे. संपापूर्वींच, १९७५ सालीं, प्रेमा पुरव यांनीं त्यांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढिलें, आणि तेथून पोळी लाटण्याच्या कामास धंद्याची प्रतिष्ठा व बँकेचें कर्ज मिळूं लागलें. आमच्या भगिनींपैकीं जिला "मी घरींच असतें" असें सांगण्याची संवय आहे, तिनें हें ध्यानांत घ्यावें.

आतां कागदपत्रांविषयीं. जुनी जागा सुटतांना मनुष्य संतापांत किंवा दुःखांत असतो व रिकाम्या हातानें बाहेर पडतो. तसें करूं नये. अनुभवाचें पत्र, शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हीं घरीं आणून डब्यांत ठेवावीं. निवृत्तिवेतनाच्या योजनेंत एकंदर दहा वर्षें भरल्याशिवाय मासिक वेतन मिळत नाहीं. ज्याचीं सात-आठ वर्षें झालीं आहेत त्यानें सगळी रक्कम उचलून मोकळें होण्यापेक्षां योजनेचें प्रमाणपत्र घ्यावें व पुढच्या जागीं तीं वर्षें जोडून घ्यावीं. पांच वर्षें सलग नोकरी झाली असल्यास उपदान, ज्यास लोक ग्रॅच्युइटी म्हणतात, मागण्याचा हक्क आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार व महागाईभत्ता मिळून महिना १३,००० रुपये असल्यास त्यास २६ नें भागावें, म्हणजे ५०० येतात. त्यांची १५ पट ७,५००. आणि एकोणीस वर्षांचे १,४२,५०० रुपये. आमच्या गृहस्थांनीं ते मागितलेच नव्हते! अर्ज आतां केला आहे. पैसे अद्यापि हातीं आलेले नाहींत.

"आतां पदवी घेऊं काय?" असेंही पुष्कळ विचारतात. आमचें मत असें, कीं चूल थंड असतां तीन वर्षें पदवीची वाट पाहूं नये. दहावीची गोष्ट निराळी आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मनुष्यास राज्य मंडळाच्या परीक्षेस १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसतां येतें. राष्ट्रीय मुक्त विद्यालयांतही वयाची वरची मर्यादा नाहीं. आखातांत कामास जाऊं इच्छिणाऱ्यास ह्या दाखल्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो, कारण दहावी न झालेल्याच्या पारपत्रावर परदेशगमनाच्या परवानगीची अट असते. पुढें कोणास हौस असेल तर नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठींच आहे.

कित्येक कामांस दाखल्याहून परवाना अधिक लागतो. मालवाहू गाडी चालविण्यास पूर्वीं आठवी उत्तीर्ण असणें आवश्यक होतें. ती अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. हें ठाऊक नसल्यामुळें आमच्याच तालुक्यांतील एक चांगला ट्रॅक्टरवाला अनेक वर्षें दुसऱ्याचा हरकाम्या म्हणून राहिला. शासनाच्या कौशल्य विकास योजनेंत पूर्वींच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. जो सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, चांभार किंवा कुंभार आपल्या हातानें धंदा करीत आहे त्यासाठीं १७ सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तींत अठरा धंदे धरिले असून हत्यारांसाठीं १५,००० रुपये व पहिलें कर्ज एक लक्ष रुपये पांच टक्के व्याजानें ठेविलें आहे. ती चालू कारागिरासाठीं आहे. उद्यां धंदा शिकूं म्हणणाऱ्यासाठीं नव्हे. सरकारी नोकरीच्या जाहिरातींवर मात्र चाळिशीनंतर फार पैसा घालवूं नये. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत वयोमर्यादा २०१६ सालीं सामान्यतः ३८ व मागासवर्गीयांस ४३ करण्यांत आली. आधीं वय पाहावें, मग परीक्षेचें शुल्क भरावें.

आणि जो कोणी नोकरी लावून देतों म्हणून आगाऊ पैसे मागतो त्याच्या पायरीवरही जाऊं नये, मग तो आपल्या नात्याचा असो कीं मंडळींतला असो. अशा व्यवहारांत शेळ्या व दागिने गेलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

नव्या जागीं पगार कमी मिळेल हें घरांत आधींच बोलून ठेवावें. आमच्या गृहस्थांनीं तें बोलण्यास तीन आठवडे लाविले. दररोज सकाळीं डबा घेऊन निघत व नदीकांठीं बसून संध्याकाळीं परत येत. पत्नीस सर्व ठाऊक होतें. तिनें डबा भरणें थांबविलें नाहीं, एवढेंच. शेवटीं मुलाच्या शाळेच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हां दोघें बोललीं, आणि तिनें त्याच रात्रीं सांगितलें कीं तिच्या माहेरच्या गांवाजवळ कापसाचा एक जिनिंग कारखाना आहे, तेथें विचारा.

तेथें देण्यासाठीं आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. त्याचा मजकूर सेवकबंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों: "पत्रवाहकांनीं एकोणीस वर्षें कापडाच्या कारखान्यांत काम केलें आहे. ते पट्टे, बेअरिंग व मोटर ह्यांची देखभाल करितात, सुट्या भागांची वही ठेवितात, व हाताखालच्या माणसांस शिकवितात. जिनिंगचें यंत्र त्यांनीं पूर्वीं चालविलेलें नाहीं. एक दिवस काम देऊन पाहावें." त्यांस एक दिवस काम देऊन पाहण्यांत आलें. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम असेपर्यंत ते तेथें असतात. पगार पूर्वींहून कमी आहे. उरलेले महिने ते पाण्याचे पंप दुरुस्त करितात, आणि मागील आठवड्यांत आमच्या विहिरीवरचा पंप त्यांनींच सुरू करून दिला.