पत्ता सांगताना मास्कही सांगा

सबनेटिंगचं गणित म्हणजे दुपटीचा पाढा आणि वजाबाकी. तरीही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली हुशार मुलं त्याला बिचकतात आणि नोकरीत मुरलेली माणसंही मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून वेळ मारून नेतात. मला याचं कारण एकच दिसतं. हे गणित कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी दिवसा कॉलेजं, दवाखाने, कारखाने यांची नेटवर्कं उभी करतो आणि संध्याकाळी शिकवतो. या दोन्ही कामांतून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

१. मास्कशिवाय पत्ता म्हणजे अर्धी माहिती.

फोनवर कुणीतरी सांगतं, "सर, मशीनचा आयपी १९२.१६८.१०.७० आहे." माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मास्क काय? नुसत्या पत्त्यावरून ते मशीन कुठल्या नेटवर्कमध्ये बसलंय हे मला कळत नाही, आणि त्या मशीनलाही कळत नाही. पॅकेट पाठवण्याआधी मशीनला एवढंच ठरवायचं असतं की समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा. त्यासाठी ते आपल्या पत्त्यावर आपला मास्क लावतं आणि समोरच्याच्या पत्त्यावरही आपलाच मास्क लावतं. दोन्ही उत्तरं जुळली तर थेट हाक मारतं, म्हणजे एआरपी करून समोरच्याचा मॅक पत्ता मागवतं. जुळली नाहीत तर पॅकेट गेटवेच्या हवाली करतं. समोरच्याचा मास्क काय आहे हे त्याला कधीच ठाऊक नसतं. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण निम्म्या भानगडी तिच्यातूनच निघतात.

२. नेटवर्क आणि होस्ट यांच्यातली रेघ सरकती आहे.

पत्ता एकूण ३२ बिटांचा. डावीकडचे बिट नेटवर्कचे, उजवीकडचे मशीनचे, आणि रेघ कुठे मारायची ते मास्क सांगतो. हे समजावताना मी लँडलाइनचे एसटीडी कोड फळ्यावर लिहितो. पहिला शून्य सोडला तर मुंबईचा कोड २२ आणि पुढे आठ आकडी नंबर. नाशिकचा २५३ आणि पुढे सात आकडी. साताऱ्याचा २१६२ आणि पुढे सहा आकडी. कोड आणि नंबर मिळून आकडे कायम दहाच. मुंबईत फोन जास्त, म्हणून कोड आखूड ठेवला आणि नंबराला जागा दिली. साताऱ्यात फोन कमी, म्हणून कोड लांबवला. स्लॅश सोळा, स्लॅश चोवीस, स्लॅश अठ्ठावीस यांत हेच चालतं, फक्त दहा आकड्यांऐवजी ३२ बिट. /२४ मध्ये मशीनसाठी ८ बिट उरतात, म्हणजे २५६ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला २५४. /२८ मध्ये ४ बिट उरतात: १६ पत्ते, वापरायला १४.

३. बायनरी एकदा तरी हाताने करा, नंतर वजाबाकीवर या.

१२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ हे आठ आकडे कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. मास्कच्या कुठल्याही खान्यात नऊच आकडे येऊ शकतात: ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. पंधरा दिवस हाताने केलंत की हे आकडे ओळखीचे होतात. त्यानंतरची युक्ती सोपी आहे. मास्कचा जो खाना ० किंवा २५५ नाही तो २५६ मधून वजा करा. जे उरेल तो तुकड्याचा आकार.

उदाहरण घेऊ. १७२.१६.७७.५, /२०. मास्क २५५.२५५.२४०.०. तिसऱ्या खान्यात २५६ वजा २४०, म्हणजे १६. मग १६ च्या पाढ्यात ७७ कुठे पडतात? ६४ आणि ८० यांच्या मध्ये. नेटवर्क १७२.१६.६४.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.७९.२५५, मधले ४०९४ पत्ते मशीनसाठी. आता मुलांना विचारा, या नेटवर्कमध्ये एखाद्या मशीनला १७२.१६.७०.० हा पत्ता देता येईल का? जवळजवळ सगळा वर्ग 'नाही' म्हणतो, कारण शेवटी शून्य आहे. पण देता येतो. १७२.१६.६९.२५५ सुद्धा देता येतो. शेवटच्या शून्याला किंवा २५५ ला स्वतःचं काही माहात्म्य नाही. मशीनचे सगळे बिट शून्य असले तरच तो नेटवर्कचा पत्ता, आणि सगळे एक असले तरच ब्रॉडकास्टचा. हा प्रश्न ज्याला सुटला त्याला सबनेटिंग आलं असं मी समजतो.

४. "इंटरनेट चालतंय, पण सर्व्हर सापडत नाही" हे ऐकलं की आधी मास्क बघा.

एका कॉलेजात १९२.१६८.१०.० चे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे चार तुकडे केलेले होते, म्हणजे प्रत्येकी /२६. ऑफिस ० ते ६३ मध्ये, प्रयोगशाळा ६४ ते १२७ मध्ये. प्रयोगशाळेच्या एका मशीनवरून ऑफिसमधला सर्व्हर, पत्ता १९२.१६८.१०.२०, काही केल्या लागेना. गूगल उघडत होतं, यूट्यूब चालत होतं, शेजारच्या मशीनवरून तोच सर्व्हरही लागत होता. तिथल्या लॅब असिस्टंटने केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, अँटिव्हायरस काढून पाहिला.

मी पिंग मारायला सांगितलं. स्क्रीनवर उत्तर आलं: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.७०, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. हे उत्तर नीट वाचा. ७० हा त्या मशीनचा स्वतःचाच पत्ता. म्हणजे पॅकेट बाहेर पडलंच नव्हतं. मशीनने २० नंबरला आपल्याच नेटवर्कमध्ये हाक मारली, कुणी ओ दिली नाही, आणि त्याने स्वतःच हात वर केले. सेटिंग उघडलं तर मास्क २५५.२५५.२५५.० असा होता, हवा होता २५५.२५५.२५५.१९२. चुकीच्या मास्कमुळे त्याच्या लेखी ० ते २५५ सगळे घरचेच. सर्व्हरसाठी ते गेटवेकडे जायलाच तयार नव्हतं. गूगलचा पत्ता मात्र या दोन्ही मास्कांनी बाहेरचाच ठरतो, म्हणून इंटरनेट सुरळीत. चौथ्या खान्यात १९२ टाकलं आणि सर्व्हर लागला.

पिंगच्या उत्तरात कोण बोलतंय ते वाचायची सवय लावून घ्या. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि 'अनरीचेबल' यांत फरक आहे, आणि 'अनरीचेबल' कुणाच्या पत्त्यावरून आलं यातही फरक आहे. स्वतःच्या पत्त्यावरून आलं तर घरातच शोधा, गेटवेच्या पत्त्यावरून आलं तर राउटिंग बघा.

५. १६९.२५४ दिसलं की डीएचसीपी शोधा.

मशीनने पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही, की ते स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतं. त्याने बाहेर जाता येत नाही. केबल, स्विच, व्हीलॅन, डीएचसीपी सर्व्हर या क्रमाने तपासा. मशीन फॉरमॅट करू नका.

६. ए, बी, सी वर्ग इतिहास म्हणून शिकवा.

शिक्षकांना हे मी कळकळीने सांगतो. १९८१ च्या मानकात पत्त्यांचे वर्ग पाडलेले होते आणि आकारही ठरलेले होते: सी वर्गात वापरायला २५४ पत्ते, बी वर्गात थेट ६५,५३४. दोन हजार मशीनच्या संस्थेला सी पुरत नसे, म्हणून ती बी घेई आणि साठ हजारांहून जास्त पत्ते पडून राहत. १९८५ मध्ये सबनेटिंगचं मानक आलं, त्याने आतल्या आत तुकडे करता आले. तरी बाहेरून वाटप वर्गांनीच होत राहिलं. शेवटी १९९३ मध्ये सायडर आलं आणि वर्गांची पद्धतच मोडीत निघाली. तेव्हापासून रेघ कुठेही मारता येते.

तरीही अजून मुलं पाठ करून येतात की १० ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ए वर्ग, म्हणून मास्क २५५.०.०.०. मग समोर १०.२०.५.०, /२४ आलं की गोंधळतात. वर्ग जरूर शिकवा, सायडर का लागलं ते त्यातूनच कळतं. पण आजच्या पत्त्याचा मास्क वर्गावरून काढायला लावू नका.

७. खाजगी पत्ते निवडताना सगळे घेतात तो घेऊ नका.

१९९६ च्या मानकाने खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधल्या पट्ट्यात लोक हमखास अडकतात. /१२ म्हणजे दुसऱ्या खान्यातले पहिले चारच बिट बांधलेले, म्हणून तो १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत जातो. १७२.३२ ही दुनियेतल्या दुसऱ्या कुणाची तरी जागा आहे.

घरोघरच्या वायफाय राउटरमध्ये १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.१ आधीपासून टाकलेलं असतं, आणि कित्येक ऑफिसांनीही तेच घेतलेलं असतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोक घरून व्हीपीएन लावू लागले तेव्हा हे अंगाशी आलं. घरही १९२.१६८.१.०, ऑफिसही १९२.१६८.१.०. व्हीपीएन जोडलेलं दिसे, पण टॅली उघडेना, कारण मशीन ऑफिसच्या सर्व्हरला घरातच शोधत बसे. नवं ऑफिस लावत असाल तर १० च्या पट्ट्यातला, कुणाच्या चटकन मनात येणार नाही असा आकडा घ्या. १०.४७.०.० घ्या, १०.१८३.०.० घ्या. १०.०.०.० ही घेऊ नका, तेही पुष्कळांनी घेतलेलं असतं.

८. तुकडे पाडताना मोठ्यापासून सुरुवात करा आणि वाढीला जागा सोडा.

समजा १९२.१६८.४०.०/२४ हातात आहे. प्रयोगशाळेला १०० मशीन, ऑफिसला ५०, ग्रंथालयाला २५, आणि राउटर जोडायला दोन लिंक. मोठ्यापासून लागा: प्रयोगशाळा ०/२५, ऑफिस १२८/२६, ग्रंथालय १९२/२७, लिंक २२४/३० आणि २२८/३०. मध्ये कुठे भोक नाही, शेवटी २३२ ते २५५ शिल्लक. नवशिके "ऑफिस १०० पासून सुरू करतो" म्हणतात. पण ६४ चा तुकडा १०० पासून सुरू होऊच शकत नाही, तो ०, ६४, १२८ किंवा १९२ पासूनच सुरू होतो.

मात्र ही आखणी परीक्षेची आहे. प्रत्यक्षात खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, मग चिंगूसपणा कशाला? आज २५ मशीन आहेत तिथे पुढच्या वर्षी बायोमेट्रिक, कॅमेरे, प्रत्येकाचा मोबाइल असं सगळं येतं. शाखा असतील तर प्रत्येक शाखेला सलग मोठा पट्टा द्या, एकीला १०.४७.०.०/२०, दुसरीला १०.४७.१६.०/२०. मग मुख्य राउटरवर एका शाखेसाठी एकच ओळ पुरते.

९. सबनेट म्हणजे कुलूप नव्हे.

कॅमेऱ्यांना वेगळा सबनेट दिला पण व्हीलॅन एकच ठेवला, तर कुणीही लॅपटॉपला त्या पट्ट्यातला पत्ता देऊन आत शिरू शकतो. व्हीलॅन वेगळा केला पण राउटरवर नियम लावले नाहीत, तर राउटर इमानेइतबारे दोघांना जोडून देतो. सबनेट, व्हीलॅन आणि फायरवॉलचे नियम ही तिन्ही कामं वेगळी आहेत आणि तिन्ही करावी लागतात.

१०. आयपीव्ही६ ला टाळू नका.

३२ बिटांत ४२९ कोटींच्या आसपास पत्ते बसतात. जगभरात पत्त्यांचं वाटप करणाऱ्या आयाना या संस्थेकडचे शेवटचे मोकळे पट्टे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठाही शेवटच्या /८ वर आला. म्हणून कित्येक इंटरनेट कंपन्या आता एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. दुकानदार विचारतात, "पोर्ट फॉरवर्ड केलं तरी कॅमेरे घरून का दिसत नाहीत?" राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, आणि पोर्ट फॉरवर्डचा उपयोग होणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक पत्ता घ्या.

दुसरीकडे, जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती आयपीव्ही६ धरूनच, आणि त्याच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. तिथे १२८ बिट असतात आणि एका नेटवर्कला सहसा /६४ देतात. संस्थेला /४८ मिळाला तर त्यात ६५,५३६ नेटवर्कं निघतात. मशीन मोजत बसायचं कारणच उरत नाही, नेटवर्कं मोजायची. ज्याला रेघ सरकवता येते त्याला आयपीव्ही६ चार दिवसांत येतं.

११. आखणी लिहून ठेवा.

कुठल्या विभागाला कुठलं नेटवर्क, मास्क, गेटवे, व्हीलॅन, डीएचसीपीचा पट्टा कुठून कुठपर्यंत, हाताने दिलेले पत्ते कुणाला, आणि तारीख. एक साधी एक्सेल शीट पुरते. नव्या ठिकाणी गेलो की मी आधी हा तक्ता मागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो नसतो. माहिती सगळी एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो. तुमच्याकडे तक्ता नसेल तर येत्या आठवड्यात करायला घ्या. झाला की एक छापील प्रत सर्व्हरच्या रॅकमध्ये लावा, कारण नेटवर्क बंद पडलं की शेअर्ड फोल्डरमधली शीट उघडत नाही.