स्थानिक सर्व्हरवरील संकेतस्थळ : मराठी मजकूर बिघडल्यास

झॅम्पच्या साहाय्याने आपल्या संगणकावर वर्डप्रेस बसवल्यानंतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसू लागली, तर सर्व काही पुसून पुन्हा बसवण्याची घाई करू नका. प्रथम चिन्हांचे स्वरूप पाहा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइट व्यापते. ते बाइट लॅटिन-१ समजून वाचले गेले, की एकट्या ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात, मूळ मजकूर मात्र बहुधा शाबूत असतो. नुसती प्रश्नचिन्हे दिसणे अधिक गंभीर. डेटाबेसमध्येही प्रश्नचिन्हेच साठली असतील, तर तो मजकूर तेथून परत मिळत नाही; आपली टंकलिखित प्रतच कामी येते. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये कोष्टके युटीएफ८एमबी४ मध्ये आहेत का, हे तपासा. बदल करण्यापूर्वी डेटाबेसची प्रत अवश्य काढून ठेवा.