लेडो रस्त्याचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळात मी दुसऱ्या महायुद्धातील लेडो रस्त्यावर एक निबंध वाचला होता. सोबत एका पुस्तकातून मोठे करून घेतलेले छायाचित्र फळ्यावर लावले होते : उभ्या डोंगरावरून उतरणारी चोवीस वळणे आणि त्यांवर मुंग्यांसारखी चाललेली लष्करी मालमोटारींची रांग. या रस्त्याने चीनला वाचवले, असे ठणकावून सांगून मी खाली बसलो. टाळ्या संपल्यावर आमच्या सरांनी दोनच प्रश्न विचारले. हे चित्र कुठले? आणि या रस्त्याने एकंदर माल किती गेला? मला एकाचेही उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नांची उशिरा दिलेली उत्तरे होत.

रस्त्याची गरज का पडली, हे आधी थोडक्यात पाहू. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले आणि पुढील वर्षाअखेर चीनची बहुतेक बंदरे बळकावली. समुद्र बंद झाला तेव्हा चीनने मागचे दार उघडले. युनान प्रांतातील सुमारे दोन लाख मजुरांनी, त्यांत बायका आणि मुलेही होती, कुनमिंगपासून ब्रह्मदेशातील लाशिओपर्यंत ७१७ मैलांचा रस्ता जवळजवळ हातांनीच खणून काढला. हाच बर्मा रोड. रंगून बंदरात माल उतरे, आगगाडीने लाशिओला येई आणि पुढे मोटारींत चढे. १९४० साली जपानच्या दडपणाखाली ब्रिटनने हा रस्ता तीन महिने बंदही ठेवला होता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, एप्रिलअखेर लाशिओ पडले, आणि हे मागचे दारही लागले.

उरले आकाश. आसामातील विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून कुनमिंगला माल नेऊ लागले. वैमानिकांनी या मार्गाला 'हंप', म्हणजे उंटाचे मदार, असे नाव दिले होते. पण विमाने थोडी, हवा वाईट आणि अपघात फार. तेव्हा अमेरिकन सेनापती जोसेफ स्टिलवेल यांनी जमिनीवरचा नवा रस्ता हवा असा आग्रह धरला. आसामच्या टोकाला असलेल्या लेडो या रेल्वे ठाण्यापासून निघून, पांगसाऊ खिंड ओलांडून, हुकाँग खोरे व मिचिना यांवरून जुन्या बर्मा रोडला मिळायचे, अशी ती योजना. चर्चिल यांना ती मुळीच पटली नव्हती. हा रस्ता पुरा होईल तोवर त्याची गरज संपलेली असेल, असे त्यांचे मत होते. चीनमधील अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख शेनॉल्ट यांनीही विमानांइतका माल रस्त्याने कधीच जाणार नाही असे बजावले होते.

डिसेंबर १९४२ मध्ये कामाला आरंभ झाला. आधी यंत्रे लेडोपर्यंत आणणे हेच एक दिव्य होते. कलकत्ता बंदरात उतरलेला माल रुंद रुळांवरून निघे, वाटेत अरुंद रुळांच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे, आणि ब्रह्मपुत्रेवर तेव्हा पूल नसल्याने डबे तराफ्यांवरून पार न्यावे लागत. चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली ही रेल्वे युद्धाच्या ओझ्याखाली वाकली. शेवटी मार्च १९४४ पासून तिचा मोठा भाग अमेरिकन लष्करी रेल्वे पथकांनी चालवायला घेतला.

लेडोच्या पुढे जंगल, चिखल आणि हिवताप. डोंगरात वर्षाला दीडशे इंचांच्या वर पाऊस. एका रात्रीत महिन्याचे काम दरडीबरोबर खाली जाई. १९४२ च्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेले हजारो भारतीय याच खिंडीतून पायी आले होते, आणि त्यांतले कित्येक वाटेतच पडले होते. रस्ता करणाऱ्यांना त्यांचे सांगाडे झाडाझुडपांत सापडत. या एका गोष्टीपाशी मी वाचताना बराच वेळ थांबलो. ज्या वाटेने आपली माणसे उपाशीपोटी आली, तिथेच वर्षाच्या आत बुलडोझर फिरू लागले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये लुईस पिक यांनी सूत्रे घेतली आणि कामाला वेग आला. डिसेंबरअखेर रस्ता १०३ मैलांवरील शिंगब्वियांगला पोचला. पुढच्या भूमीवर जपानी सैन्य होते. बिहारमधील (आताच्या झारखंडातील) रामगढला शिकवून तयार केलेल्या चिनी तुकड्या पुढे लढत आणि मागून रस्ता येई. एकंदर पंधरा हजार अमेरिकन सैनिक या कामावर होते. त्यांतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या पलटणी गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या. त्यांच्या जोडीला पस्तीस हजारांच्या आसपास स्थानिक मजूर : मळ्यांवरचे कामकरी, नागा, काचिन, नेपाळी. सुमारे अकराशे अमेरिकन या कामात मेले, म्हणून 'मैलाला एक माणूस' अशी म्हण पडली. स्थानिक मजुरांच्या मृत्यूंचा आकडा याहून मोठा मानला जातो. त्या म्हणीत मात्र ते नाहीत.

१२ जानेवारी १९४५ रोजी ११३ वाहनांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. अंतर १,०७९ मैल. च्यांग कै शेक यांनी रस्त्याला स्टिलवेल यांचे नाव दिले. गंमत अशी, की याच च्यांग यांच्याशी बिनसल्यामुळे स्टिलवेल यांना तीन महिन्यांपूर्वीच परत बोलावले गेले होते.

आता सरांचा दुसरा प्रश्न. युद्ध संपेपर्यंत या रस्त्याने सुमारे १ लाख २९ हजार टन माल गेला. हंपवरून संपूर्ण युद्धकाळात साडेसहा लाख टनांच्या आसपास गेला. एकट्या जुलै १९४५ ची तुलना पाहिली तर विमानांनी ७१ हजार टन नेले, रस्त्याने सुमारे सहा हजार. शिवाय मोटार चालते ती इंधनावर, आणि ते इंधनही तिथवर न्यायचे असते! रस्त्याने गेलेल्या सुमारे सव्वीस हजार मोटारी बहुधा परत आल्याच नाहीत. त्या चीनलाच द्यायच्या होत्या. चर्चिल आणि शेनॉल्ट दोघेही बरोबर ठरले.

पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही असे मला वाटते. रस्त्यासाठी लढताना मे १९४४ मध्ये मिचिनाचा विमानतळ हाती आला, ऑगस्टमध्ये ते शहर पडले. त्यामुळे विमानांना दक्षिणेकडचा कमी उंचीचा मार्ग मोकळा झाला आणि हंपवरचा माल झपाट्याने वाढला. रस्त्याच्या कडेने इंधनाची नळवाहिनीही पुढे गेली. म्हणजे या रस्त्याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो त्याच्याच प्रतिस्पर्ध्याला. हे मी सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग मिचिना घेऊन थांबता आले असते का, तेही पाहा." त्या प्रश्नावर मी अजून अडलेलो आहे.

राहिले छायाचित्र. ती चोवीस वळणे लेडो रस्त्यावरची नाहीतच. ती कुनमिंगच्याही पूर्वेला, ग्वेइचौ प्रांतातल्या छिंगलुंग येथील आहेत, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिनी अभ्यासकांनी ती जागा शोधून काढली. तोवर पुस्तकांतून ते चित्र लेडो वा बर्मा रोडच्या नावावर बिनदिक्कत छापले जाई. खऱ्या लेडो रस्त्याचा मोठा भाग युद्धानंतर जंगलाने परत घेतला. भारतातला साठेक किलोमीटरांचा तुकडा तेवढा आसाम आणि अरुणाचलातून खिंडीपर्यंत जातो. वाटेत जयरामपूरजवळ १९९७ साली झाडीत दडलेली एक दफनभूमी सापडली. तिथल्या कबरी बहुतांशी चिनी सैनिकांच्या असल्याचे सांगतात.

मंडळाच्या फळ्यावरून मी ते चित्र काढून घेतले आहे. त्या जागी आता लेडो ते कुनमिंग असा हाताने काढलेला नकाशा आहे.