मने, तो चिमटा आधी खाली ठेव

आणि मोबाइलचा टॉर्च नाकात मारून आरशासमोर उभी राहायचंही बंद कर. नाकाच्या शेंड्याला रुमाल लागला तरी डोळ्यांत पाणी येतं, आत कोपऱ्यात काहीतरी टणक लागतं, असंच म्हणालीस ना काल? मग ते बहुतेक केसतूड आहे. आमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत असं लालभडक नाक घेऊन आलेलं कुणी ना कुणी रोज बसलेलं असतं, आणि बऱ्याच जणांनी यायच्या आधी घरी ते पिळून पाहिलेलं असतं. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

अगं, नाकपुडीच्या अगदी दाराशी साधी कातडी असते आणि तिच्यावर केस. ओलं, गुलाबी अस्तर त्याच्याही आत सुरू होतं. दाराशी केस उपटला की मुळाशी बारीकशी जखम राहते. आता स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा एक जंतू साधारण 30 टक्के धडधाकट माणसांच्या नाकात काही त्रास न देता मुक्कामाला असतो. त्याला तेवढी फट पुरते. कधी एकच फोड न येता दाराशी सगळीकडेच लाली, खपल्या आणि चरचर होते. तेही बहुतेक सततच्या बोटानं, सर्दीत रुमालानं घासून घासून, नाहीतर वाळलेलं मेकूड ओढून काढल्यानं. लाजू नकोस, सगळेच काढतात. रात्रभर एसीत झोपणाऱ्यांचं नाक कोरडं पडतं, त्यांच्यात हे जास्त.

पिळायचं का नाही, ते नीट ऐक. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण काढ. या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतल्या शिरांना मिळतात आणि त्या पुढे मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीला, तिला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. फोड पिळला की पू बाहेरच येईल असं कुणी सांगितलंय? तो आतही ढकलला जातो. जंतू तिथवर पोचून गुठळी झाली, तर डोळा सुजून पुढे येतो, एकाचे दोन दिसतात आणि गोष्ट जिवावर बेतते. अँटिबायोटिक्स आल्यापासून हे फार क्वचित होतं, खरंय. पण म्हणून आपण मुद्दाम करून बघायचं नसतं.

मग करायचं काय? स्वच्छ फडकं कोमट पाण्यात भिजवून, पिळून, बाहेरून दहा मिनिटं शेक. दिवसातून तीन-चार वेळा. ठणकत असेल तर पॅरासिटामॉल. हात धुवून ठेव आणि नाकापासून लांब ठेव, बस. बाम नाकाच्या आत बोटानं फिरवायचा नाही, सोललेल्या कातडीला तो आगच लावतो. आणि शेजारच्या काकूंच्या फ्रिजमधली ट्यूब तर मुळीच नको. खाजेवर म्हणून विकत मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं, त्यानं लाली दबते आणि जंतूला रान मोकळं होतं. मुपिरोसिनसारखं जंतूंवरचं मलम लागलंच, तर डॉक्टर नाक बघून देतील. नुसतं कोरडं पडून चरचरत असेल, तर मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे मिळतो तो मार, दाराशी पुसटसं व्हॅसलीन लाव. सर्दीचे नाक उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या पुढे नकोत, नाहीतर त्यांच्याशिवाय नाक उघडेनासंच होतं.

लग्नातल्या नथीचं विचारत होतीस. दुखरी बाजू तीच असेल तर नथ राहू दे, दाबाचीसुद्धा. फोटो बिननथीचे आले तर काही बिघडत नाही.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर ओपीडीत ये. पण ताप आला, लाली नाकाच्या शेंड्यावरून गालावर किंवा वरच्या ओठावर पसरली, तर त्याच दिवशी. पापणी सुजली, नजर अंधुक झाली, डोकं असह्य दुखायला लागलं, तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत. सकाळची वाट बघत बसू नकोस. एकाच बाजूला आग आग होऊन कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण असू शकते. शेंड्याची आणि डोळ्याची नस एकाच फांदीची, म्हणून तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही लगेच दाखवायचं.

आईचं वेगळं सांगते, कारण तिची शुगर वर-खाली असते. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीनं आपल्याकडे शुगर असलेल्यांचं काय केलं, ते तू पाहिलंयस. नाकात काळी खपली, काळपट स्राव, गाल बधिर होणं किंवा एका बाजूचा चेहरा सुजणं, यातलं एक जरी तिला दिसलं तरी तासांचा हिशोब असतो.

आणि तुझा लेक. बॉल नाकावर बसला, हाड शाबूत आहे म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण मधल्या पडद्यात रक्त साकळलं, तर दोन्ही नाकपुड्या बंद होतात, आत मऊ फुगवटा दिसतो. पडद्याच्या कुर्चेला रक्त पुरवणारं आवरण त्यानं सुटून येतं. ते साकळलेलं रक्त त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कुर्चा सडते आणि नाक मध्येच खचतं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर त्यानं मणी, शेंगदाणा, काहीतरी घातलेलं असणार. खेळण्यातला बटन सेल गेल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठ. काही तासांत तो आतून भाजतो. घरी चिमट्यानं काढायला जाशील तर आणखी आत ढकलशील.

गाल आणि कपाळ जड, वाकलं की ठणका, पिवळा स्राव, हे सायनसचं दुखणं. दहा दिवस झाले तरी हटलं नाही, किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, तर दाखव. महिनाभर एकच नाकपुडी बंद आणि अधूनमधून रक्त, हे दुखत नसलं तरी दुर्बिणीनं बघून घ्यायचं.

तुला हे केसतूड वर्षात दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा होत असेल, तर रिकाम्या पोटी साखर तपासून घे, आपल्या घरात ती आहेच. नाकात स्वॅब फिरवून त्या जंतूचा मुक्काम आहे का तेही बघतात, आणि असला तर काही दिवस मलम लावून त्याला हलवता येतं. डॉक्टरकडे जाशील तेव्हा कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते आधी सांग, आणि आजवर स्वतःच्या मनानं काय काय लावलंस तेही.